घराण्यातून शाळेत : कलाक्षेत्राची वाटचाल

पुण्या-मुंबईत शनिवारी संध्याकाळी भरतनाट्यमच्या एखाद्या क्लासबाहेर दहा मिनिटं उभं राहून पाहावं. आत लाकडी ठोकळ्यावर दांडकं आपटल्याचा आवाज येत असतो, त्याच्या तालावर 'तै या तै' आणि वीस-पंचवीस पावलांचा एकदम पडणारा ठेका. दाराशी चपलांचा ढीग, पाण्याच्या बाटल्या, मोबाइल चाळत थांबलेल्या आया. वार ठरलेले, फी ठरलेली, वर्षाअखेरीला परीक्षा. हे चित्र आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की नृत्य असंच शिकायचं असतं, असं वाटावं. शंभर वर्षांपूर्वी भरतनाट्यम असं कुणीच शिकत नव्हतं. तेव्हा त्याला भरतनाट्यमही म्हणत नव्हते.

घरातून घरात, आजीकडून नातीकडे आणि मामाकडून भाचीकडे जाणारी ही कला शाळेत कशी आली, याची गोष्ट मद्रासच्या अड्यार भागात घडली. ६ जानेवारी १९३६ रोजी तिथे सुरू झालेल्या संस्थेचं आजचं नाव कलाक्षेत्र. तिनं मोठे कलाकार घडवले, हे सगळे सांगतात. माझ्या मते त्याहून मोठं काम तिनं केलं : तिनं नृत्याचा शिक्षक घडवला. या कामाची किंमतही चुकवावी लागली, आणि ती सगळी संस्थेनं चुकवली नाही.

भोसल्यांच्या दरबारातली शिदोरी

या गोष्टीचा आरंभ मराठी माणसाच्या ओळखीच्या घरात होतो. व्यंकोजीराजांनी तंजावरात राज्य स्थापलं, तिथल्या भोसल्यांनी १८५५ पर्यंत ते चालवलं. दुसरे सरफोजी आणि त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या काळात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ दरबारात होते. अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना हा जो क्रम आज प्रत्येक कार्यक्रमात दिसतो, त्याची घडी बसवण्याचं श्रेय या चौघा भावांना दिलं जातं. स्वतः सरफोजींनी नृत्यासाठी मराठीत निरूपणं लिहिली. पुढे मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी ती शोधून 'तंजावूर नृत्य प्रबंध' म्हणून रंगमंचावर आणली.

राज्य गेलं आणि आश्रय आटला. कला जिवंत राहिली ती देवदासींच्या घरांत आणि त्यांना शिकवणाऱ्या नट्टुवनारांच्या घराण्यांत. नट्टुवनार म्हणजे नाच शिकवणारा, बसवणारा आणि कार्यक्रमात झांज हातात घेऊन बोल म्हणणारा. नर्तकी पुढे सरकली की तो आणि वादक तिच्या मागोमाग सरकत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमधल्या सुशिक्षित समाजाला या नाचाची लाज वाटू लागली होती. मुली देवाला वाहण्याची प्रथा बंद व्हावी म्हणून डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी झगडत होत्या, आणि त्यांची बाजू न्यायाची होती. देवदासी प्रथेला बंदी घालणारा मद्रासचा कायदा १९४७ मध्ये झाला. पण प्रथेबरोबर नाचही बुडणार, अशी भीती होती. ई. कृष्ण अय्यर हे वकील स्वतः स्त्रीवेशात नाचून लोकांना पटवत होते की ही कला आहे, कलंक नव्हे. त्यांच्या पुढाकारानं मद्रासच्या म्युझिक ॲकॅडमीत पंदनल्लूरच्या दोन बहिणींचं नृत्य झालं. १९३३ साली ॲकॅडमीतल्या अशाच एका कार्यक्रमात प्रेक्षकांत रुक्मिणीदेवी अरुंडेल बसल्या होत्या. 'सदिर' म्हणून ओळखला जाणारा हा नाच त्या पहिल्यांदा पाहत होत्या.

तिशीतली विद्यार्थिनी

रुक्मिणीदेवींचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४ रोजी मदुराईचा. वडील नीलकंठ शास्त्री सरकारी खात्यात इंजिनिअर आणि थिऑसॉफिकल सोसायटीचे अनुयायी. निवृत्तीनंतर त्यांनी सोसायटीच्या मुख्यालयाजवळ, अड्यारला बिऱ्हाड केलं. तिथे ॲनी बेझंट यांच्या सहवासात ही मुलगी वाढली. १९२० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिनं जॉर्ज अरुंडेल या चाळिशी ओलांडलेल्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाशी लग्न केलं आणि मद्रासच्या ब्राह्मण समाजात गहजब झाला. समाजाचा राग पचवण्याची तालीम त्यांना अशी लवकर मिळाली.

नवऱ्याबरोबर जग हिंडताना त्यांची रशियन नर्तिका ॲना पाव्हलोव्हा यांच्याशी मैत्री झाली. त्या बॅलेचे धडे घेऊ लागल्या, तेव्हा पाव्हलोव्हांनीच त्यांना आपल्या देशातल्या नृत्याकडे वळायला सांगितलं. म्युझिक ॲकॅडमीतल्या त्या कार्यक्रमानं तो सल्ला खरा केला. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराशी नातं असलेल्या गौरी अम्माळ यांच्याकडे त्या अभिनय शिकू लागल्या, आणि पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांना त्यांनी गुरू केलं. हे पिळ्ळै तंजावरच्या त्या चौघा भावांच्या वंशातले. ब्राह्मण घरातली, तिशी ओलांडलेली विवाहित बाई नाच शिकणार, हे त्यांनाही सुरुवातीला रुचलं नव्हतं.

डिसेंबर १९३५ मध्ये सोसायटीच्या हीरक महोत्सवी अधिवेशनात रुक्मिणीदेवी जाहीरपणे नाचल्या. शहरातले प्रतिष्ठित लोक त्यांचा नाच पाहायला आले होते. त्या दिवसानंतर चांगल्या घरच्या मुलीनं नाचावं की नाही, हा प्रश्न मद्रासमध्ये पुन्हा पहिल्यासारखा विचारला गेला नाही.

एक गुरू, एक विद्यार्थिनी

दोन आठवड्यांच्या आत संस्था उभी राहिली. नाव मोठं होतं, 'इंटरनॅशनल ॲकॅडमी ऑफ द आर्ट्स'. भांडवल मात्र एक झाड, एक गुरू आणि एक विद्यार्थिनी, असं संस्थेत आजही सांगतात. ती विद्यार्थिनी रुक्मिणीदेवींची भाची राधा, पुढे थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्षा झालेल्या राधा बर्निअर. दोनेक वर्षांत एका संस्कृत पंडितांच्या सूचनेवरून 'कलाक्षेत्र' हे सुटसुटीत नाव आलं.

त्या काळात देशभर अशा शाळा निघत होत्या. केरळात कवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० मध्ये कथकळीसाठी कलामंडलम काढलं होतं. अल्मोड्याला उदय शंकर यांचं केंद्र सुरू झालं, ते काही वर्षांतच बंद पडलं. आपल्या खंडाळ्याला मादाम मेनका यांनी 'नृत्यालयम' उभारलं, पण १९४७ मध्ये त्या गेल्या आणि त्यांच्यामागे ते टिकलं नाही. संस्थापकाच्या श्वासावर चालणाऱ्या संस्था त्याच्याबरोबरच संपतात. कलाक्षेत्र का टिकलं, याचं उत्तर रुक्मिणीदेवींच्या नाचात शोधून सापडणार नाही. त्यांनी जमवलेल्या माणसांत ते सापडतं.

टायगर वरदाचारियार यांच्यासारखा दिग्गज गायक संस्थेत आला आणि प्राचार्य झाला. कथकळीसाठी अंबू पणिक्कर आणि चंदू पणिक्कर आले, वीणेसाठी सांबशिव अय्यर आले. नाव कमावलेल्या, उतारवयाकडे झुकलेल्या गुरूंना राहायला घर, शिकवायला मुलं आणि मान देणारी जागा मिळाली. विद्यार्थ्यालाही एका गुरूऐवजी गुरूंचा अख्खा मोहल्लाच मिळाला. नाचणारीनं गायला शिकायचं, मुलग्यांनी कथकळीचा व्यायाम करायचा, संस्कृत आणि साहित्य वाचायचं, हे सगळं या शेजारातून आपोआप आलं.

झांज कुणाच्या हातात?

घराण्यात शिकताना अभ्यासक्रम लागत नाही. मूल गुरूच्या घरात वाढतं, कानावर पडतं ते उचलतं, आणि गुरू त्याचा वकूब पाहून पुढचं देतो. शाळेत वेगवेगळ्या भाषांची, वेगवेगळ्या घरांतली मुलं एकदम येतात. त्यांना एकाच वेळी काय शिकवायचं आणि कोणत्या क्रमानं?

कलाक्षेत्राची खरी कमाई या प्रश्नाच्या उत्तरात आहे. नृत्याची मूळ एककं, म्हणजे अडवू, तिथे गटवार लावून घेतली गेली. आधी पाय आपटण्याचे, मग पाय पसरण्याचे, मग उडीचे, प्रत्येक अडवू तीन लयींत. गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याची अरैमंडी किती खोल, हात खांद्याच्या किती रेषेत, नजर कुठे, याचे नियम बसले. कलाक्षेत्राचा विद्यार्थी रंगमंचावर आला की जाणकार चटकन ओळखतात, ते या रेषेवरून. टीकाकार याच रेषेला कोरडी म्हणतात. दोघांचंही म्हणणं खरं आहे. जे पंचवीस जणांना सारखं शिकवायचं, त्याला कडा धारदार लागतात, आणि कडा धारदार करताना थोडी ओल जाते.

या शिस्तीची परीक्षा लवकरच झाली. मीनाक्षीसुंदरम यांच्यानंतर शिकवण्याची धुरा त्यांचे जावई चोक्कलिंगम पिळ्ळै यांच्याकडे होती. चाळीसच्या दशकात तेही संस्था सोडून गेले. घराण्याचा नट्टुवनार नसेल तर कार्यक्रम होत नाही, असा तो काळ होता. रुक्मिणीदेवींनी कार्यक्रम थांबवले नाहीत. त्यांनी आणि संस्थेतच शिकलेल्या मुलींनी झांज हातात घेतली. बाईनं नट्टुवांगम करणं तेव्हा जवळपास न ऐकलेली गोष्ट होती. शारदा हॉफमन यांच्यासारख्या त्या मुली पुढे संस्थेच्या आधारस्तंभ शिक्षिका झाल्या. विद्या घराण्याबाहेर आली ती तेव्हा, असं म्हणता येईल.

बाह्य रूपही बदललं. वादक नर्तकीच्या मागून हलून मंचाच्या एका बाजूला बसले. मंचावर नटराजाची मूर्ती आली. मंदिरातल्या शिल्पांवरून दागिने घडवले गेले, आणि अड्यारमधल्या एका इटालियन शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मदतीनं पंख्यासारख्या चुण्यांचा शिवलेला वेश तयार झाला. आज शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी भाड्यानं आणला जाणारा 'भरतनाट्यमचा ड्रेस' हा याच वेशाच्या कुळातला.

वाळूतलं गाव

१९४५ मध्ये जॉर्ज अरुंडेल गेले आणि सोसायटीच्या आवारातलं संस्थेचं छत्र ढळलं. जागा सोडावी लागणार, हे दिसत होतं. दक्षिणेला समुद्रकाठी तिरुवान्मियूरला जमीन मिळाली. ती जमीन म्हणजे नुसती वाळू, जिथे सावलीपुरतंही झाड नव्हतं. रुक्मिणीदेवींनी आधी झाडं लावायला घेतली. १९६२ मध्ये संस्था तिथे पूर्णपणे हलली. सुमारे शंभर एकरांचा हा परिसर आता चेन्नईच्या गर्दीत हिरव्या बेटासारखा उरला आहे. कौलारू, बसक्या, उघड्या वर्गांत मुलं नाचतात. सकाळी वडाखाली प्रार्थना होते, मग दिवस सुरू होतो.

हे गाव केवळ नाचाचं नव्हतं. १९३७ पासून संस्थेत हातमाग आहेत, जुन्या दाक्षिणात्य काठांचे नमुने तिथे पुन्हा विणले गेले. वेश शिवायचा तर कापड बाजारातून का आणायचं, असा साधा हिशेब. बेझंट यांच्या नावाची शाळा होती. अरुंडेल दांपत्याच्या निमंत्रणावरून १९३९ मध्ये मारिया मॉन्टेसरी अड्यारला आल्या आणि बालशिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं. तामिळ ग्रंथांचा शोध घेण्यात आयुष्य घालवलेले उ. वे. स्वामिनाथ अय्यर वारले, तेव्हा त्यांच्या हस्तलिखितांसाठी १९४३ मध्ये ग्रंथालय उभं राहिलं, तेही रुक्मिणीदेवींच्या पुढाकारानं. १९५२ मध्ये त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि तिथे नाचाऐवजी मुक्या प्राण्यांसाठी भांडल्या. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा त्यांच्याच विधेयकातून पुढे आला. १९७७ मध्ये मोरारजी देसाईंनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी विचारलं. त्यांनी नम्रपणे नकार दिला.

या गावात काय घडू शकतं, ते रामायणानं दाखवलं. म्हैसूर वासुदेवाचार्य हे त्यागराजांच्या शिष्यपरंपरेतले वाग्गेयकार. ते संस्थेत आले तेव्हा पंच्याऐंशी ओलांडलेले होते. त्या वयात त्यांनी वाल्मीकी रामायणाला संगीत द्यायला घेतलं. 'सीता स्वयंवरम' १९५५ मध्ये मंचावर आलं. १९६१ मध्ये आचार्य गेले, तेव्हा मालिका अर्धीच झाली होती. त्यांचे नातू राजाराम यांनी ती पुढे नेली आणि सहावं नाटक, 'महापट्टाभिषेकम', १९७० मध्ये पूर्ण झालं. एका कल्पनेवर पंधरा वर्षं. तिकिटावर चालणाऱ्या कंपनीला हे परवडलं नसतं. शिकवणाऱ्या संस्थेला परवडलं, कारण तिथे तालीम हाच अभ्यास होता.

ज्यांच्या घरातून आली

वाटचाल लिहिताना फक्त हारतुरे मोजले तर ती पत्रिका होते. कलाक्षेत्रावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप त्याच्या जन्मापासूनचा आहे. रुक्मिणीदेवींनी नृत्यातला शृंगार सौम्य केला, भक्ती पुढे आणली, काही पदं बाजूला ठेवली. देवदासी परंपरेतल्या थोर नर्तिका टी. बालसरस्वती यांना हे मान्य नव्हतं. शृंगार हाच या नृत्याचा गाभा आहे, त्याला धुऊन काढण्याची गरजच नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. हा वाद दोन बायकांच्या रुचीचा नव्हता. एका समाजाची विद्या दुसऱ्या समाजानं शिकून घेतली, ती 'शुद्ध' केली असं म्हटलं, आणि मान-मरातब त्याच्याकडे गेला, हा त्यामागचा सल होता. गौरी अम्माळांकडून शिकलेल्या मुली मंचावर आल्या. पण गौरी अम्माळांच्या समाजातल्या मुलींना कायद्यानं जुनी वाट बंद केली आणि नवी वाट फारशी कुणी दाखवली नाही.

नट्टुवनार घराण्यांनी आपापले मार्ग काढले. त्यातला एक मार्ग थेट मुंबईला आला. माटुंग्यात १९४५ मध्ये राजराजेश्वरी भरतनाट्य कलामंदिर सुरू झालं, ते तंजावर भागातून आलेल्या अशाच एका गुरुघराण्यानं. गोविंदराज पिळ्ळै, महालिंगम पिळ्ळै यांनी तिथे मुंबईच्या पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या. म्हणजे महाराष्ट्रात भरतनाट्यम दोन्ही दारांनी आलं : घराण्याच्या आणि शाळेच्या. दोन्हींचा हिशेब सारख्या आदरानं ठेवायला हवा.

संस्थापक गेल्यावर

संस्थेचं यश तिच्यातून बाहेर पडलेल्यांत दिसतं. यामिनी कृष्णमूर्ती इथल्याच. ओडिसीला नाव मिळवून देणाऱ्या संजुक्ता पाणिग्रही लहानपणी इथे शिकल्या. केरळच्या पय्यन्नूर भागातल्या गरीब, मोठ्या कुटुंबातून चौदा वर्षांचे धनंजयन इथे आले, आणि इथेच शिकलेल्या शांता यांच्यासह त्यांनी १९६८ मध्ये स्वतःची संस्था काढली. सी. व्ही. चंद्रशेखर यांनी बडोद्याच्या विद्यापीठात नृत्यविभाग घडवला. अड्यार लक्ष्मण यांनी चेन्नईत शेकडो मुलं तयार केली. या बहुतेकांच्या नावापुढे 'नर्तक' इतकंच ठळकपणे 'गुरू' लागतं. पहिल्या परिच्छेदातला शनिवारचा क्लास अशा साखळ्यांच्या कुठल्या तरी टोकाला असतो.

२४ फेब्रुवारी १९८६ रोजी रुक्मिणीदेवी गेल्या. त्यानंतरची वर्षं भांडणाची आणि अनिश्चिततेची होती. अखेर संसदेनं १९९३ चा कलाक्षेत्र फाउंडेशन कायदा करून संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला आणि ती केंद्र सरकारच्या छायेखाली आली. पैशाची काळजी मिटली. पण सरकारी संचालक नेमता येतो, संस्थापकाची नजर नेमता येत नाही, हेही लवकरच कळलं.

मार्च २०२३ मध्ये संस्थेच्या विद्यार्थिनी आवारात धरणं धरून बसल्या. लैंगिक छळाच्या तक्रारी होत्या आणि त्या ऐकल्या जात नाहीत, ही त्याहून मोठी तक्रार होती. एका शिक्षकाला अटक झाली, निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. हा प्रसंग या वाटचालीतून गाळता येत नाही. गुरूच्या शब्दाबाहेर न जाणं हा घराण्याचा संस्कार. शाळा झाली तरी तो संस्कार तसाच राहिला. नियम, तक्रार, सुनावणी हा शाळेचा दुसरा निम्मा भाग अर्धवट राहिला. घराण्याकडून शाळेकडचा प्रवास जवळपास नव्वद वर्षांनीही पुरता संपलेला नाही, हे त्या मुलींनी दाखवून दिलं.

तरीही निकाल द्यायचाच झाला तर मी कलाक्षेत्राच्या बाजूनं देईन. जन्मानं मिळणारी विद्या शिकून मिळू शकते, हे या संस्थेनं सिद्ध केलं. तिच्यामागून निघालेल्या प्रत्येक नृत्यशाळेनं ते गृहीत धरलं.

पुढच्या वेळी भरतनाट्यमचा कार्यक्रम पाहायला जाल, तेव्हा नर्तकीवरून नजर काढून क्षणभर मंचाच्या कडेला पाहा. तिथे मांडी घालून बसलेली, झांजेवर ठेका धरून बोल म्हणणारी व्यक्ती पुष्कळदा एक बाई असते, आणि बहुधा ती नर्तकीची शिक्षिका असते. ती जागा आधी मागे चालणाऱ्या पुरुषाची होती.